झील सोडायची नाही

"ही मी न्हवं," सुंदराबाई म्हणाल्या.

रेकॉर्ड प्लेअरमधून येणारा आवाज बाईचा तर नव्हताच, माणसाचा म्हणायलाही धीर लागला असता. म्हैस झोपेत कण्हते तसे काहीतरी चालले होते. खोलीत जमलेल्या शेजाऱ्यांनी थोडा वेळ गंभीर चेहऱ्याने ऐकले, मग कुणीतरी फिसकन हसले आणि नंतर कुणालाच आवरेना. खंडूने घाईघाईने सुई उचलली.

"आई, तूच आहेस गं. जरा हळू फिरतेय, एवढंच."

"मी आशी रडत व्हते व्हय? मग शाहिरानं मला ठिवली आसती का?"

शेजारी हसत हसत पांगले. खंडूची बायको शकू प्लेअरच्या बटणाशी वाकून बघत होती. ती म्हणाली, "अहो, ह्याच्यावर तेहेतीस आणि पंचेचाळीस लिहिलंय. आत्यांच्या तबकडीवर अठ्ठ्याहत्तर आहे."

खंडूने बटण पाहिले, तबकडी पाहिली आणि पुन्हा बटण पाहिले.

निदान खंडूचे तरी असे व्हायला नको होते. विक्रोळीच्या त्या चाळीत कुणालाही जुनी वस्तू घ्यायची असली की खंडूला सोबत न्यायचे, हा नियमच होता. आठवडाभर कारखान्यात कपाटांना रंग मारायचा आणि रविवारी कुर्ल्याच्या जुन्या बाजारात भटकायचे, ही त्याची चैन. लोकांच्या घरी टू-इन-वन येत होते, टीव्ही रंगीत होत होते आणि त्यांचे चांगले चालते रेडिओ, पंखे, इस्त्र्या कुर्ल्यात येऊन पडत होत्या. खंडू वस्तू उलटी करी, तिचा वास घेई आणि घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करी. तो चेहरा पाहून भले भले दुकानदार भाव उतरवत. दुकानदाराने सांगितलेला भाव बरोबर आहे, असे तो जन्मात कधी म्हणाला नव्हता.

आणि फसला तो आईच्या वस्तूत. मोटर पाहिली, वायर पाहिली, वास घेतला, दुकानदाराने सिनेमाची रेकॉर्ड लावून दाखवली तेव्हा मानही डोलावली. आईची तबकडी जुन्या जातीची, भरभर फिरणारी, हे काही त्याच्या डोक्यात आले नाही. स्वस्तात मिळाल्याच्या आनंदात तो उड्या मारत घरी आला होता.

तबकडी होती शाहीर राजारामांच्या जलशाची. साताऱ्याकडच्या गावांतून हा जलसा बाबासाहेबांचे विचार सांगत फिरायचा आणि सुंदराबाई त्यात झील धरायच्या. म्हणजे शाहीर कडवे म्हणणार आणि त्याचा शेवट उचलून मागच्या बाया 'जी रं जी' करणार. तबकडीवर नाव एकट्या शाहिराचे. मागे चार बाया, त्यांतल्या एक सुंदराबाई. एक प्रत त्यांना मिळाली, ती लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत राहिली. वाजवायला घरात यंत्रच कधी नव्हते. स्वतःचा आवाज त्यांनी आजवर ऐकला नव्हता.

आता डावा कान पार बंद झाला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. हे थांबणारे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले त्या दिवशी त्यांनी तबकडी बाहेर काढली. "ऐकू येतंय तवर लाव रं," एवढेच म्हणाल्या. या बाईने मुलाकडे कधी साधी बांगडी मागितली नव्हती. उजवा कान आधी जातो की यंत्र आधी मिळते, याची खंडूला धास्तीच बसली होती.

पुढच्या रविवारी प्लेअर उराशी धरून तो कुर्ल्याला कासमभाईंच्या दुकानापुढे उभा राहिला. कासमभाई मूळचे दापोलीचे, तोंडाने फटकळ.

"कासमभाई, हा परत घ्या. अठ्ठ्याहत्तरचा द्या."

"तिथंच थांब. उंबऱ्याच्या आत आणू नकोस. बोहनी व्हायचीय माझी."

"मग मी काय करू?"

"बस बाहेर. सकाळी सकाळी पहिला व्यवहार परतीचा? माझ्या दिवसाची वाट लावायला आलास का?"

इतकी वर्षे खंडू याच बोहनीच्या जिवावर स्वस्तात घेत आला होता. पहिल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाती पाठवायचे नसते, म्हणून तो मुद्दाम भल्या सकाळी येई आणि दुकानदार चरफडत भाव सोडत. आज तीच बोहनी त्याला आडवी आली होती. तो बाहेर आडव्या पडलेल्या एका फ्रिजवर जाऊन बसला.

तिथून त्याला दुकानातली वरची फळी दिसली. फळीवर चावीचा ग्रामोफोन होता, पेटीतला, हँडल लावून फिरवायचा. त्या जुन्या तबकड्या याच्यावरच वाजत.

"ती पेटी काय म्हणते?"

"ती विकायची नाही. अंधेरीचे शूटिंगवाले भाड्यानं नेतात."

खंडूने तबकडीचे सांगितले, आईच्या कानांचे सांगितले. कासमभाई ऐकत ऐकत एका इस्त्रीची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "बोहनी होऊ दे. मग बघू."

बऱ्याच वेळाने घाटकोपरची एक बाई आली. तिने पांढराशुभ्र मिक्सर उचलला, इकडून तिकडून पाहिला आणि बाहेर येऊन खंडूला हळूच विचारले, "भाऊ, तुम्ही पण घ्यायलाच आलात ना? हा कसा आहे सांगा ना. मुलीला द्यायचाय. नर्स आहे ती. ड्युटीवरून येते आणि पाट्यावर वाटत बसते."

खंडूने मिक्सर उलटा करून वास घेतला. जळका वास होता. त्याने कासमभाईंकडे पाहिले, तर कासमभाई छताकडे बघत होते. 'चांगला आहे' एवढे म्हटले की बोहनी होणार, बोहनी झाली की पेटीचे बोलणे होणार. आईचा कान त्याच्या डोळ्यांपुढे आला. पण रात्रपाळी करून पाट्याशी बसलेली ती नर्सही आली. खंडूला स्वतःचाच राग आला.

"हा नका घेऊ, ताई. मोटर जळून परत भरलीय."

कासमभाईंनी कपाळाला हात लावला. खंडू चपला काढून आत गेला, खालच्या ढिगात हात घातला आणि एक पिवळा पडलेला, भांड्याच्या कानाशी तडकलेला मिक्सर ओढून काढला. उलटा केला, वास घेतला. या वेळी चेहरा आजारी झाला नाही.

"हा न्या. दिसायला भिकार आहे, पण मुलीला आयुष्यभर पुरेल."

"आणि भाव?"

कासमभाईंनी भाव सांगितला. बाईने खंडूकडे पाहिले. 'कमी करा' हे शब्द खंडूच्या जिभेवर आपोआप आले होते. त्याने ते गिळले.

"भाव बरोबर आहे," तो म्हणाला.

बाई मिक्सर घेऊन गेली. कासमभाईंनी नोटा कपाळाला लावून गल्ल्यात टाकल्या.

"खंडू, परत एकदा म्हण."

"काय?"

"भाव बरोबर आहे, म्हण. मरायच्या आधी तुझ्या तोंडून ऐकलं बाबा." मग स्टुलावर चढून त्यांनी स्वतःच पेटी खाली काढली. "तो प्लेअर ठेव आत. आणि ही घेऊन जा."

"शूटिंगवाले आले तर?"

"सांगेन, खऱ्या कामाला गेलीय."

खंडूने सवयीने पेटी उलटी करायला घेतली. कासमभाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. "वास काय घेतोस? ह्या घे सुया, दर वेळी नवी लाव. आणि स्प्रिंग म्हातारी आहे, मध्येच दम सोडते."

संध्याकाळी शेजारी पुन्हा जमले, हसायच्या तयारीनेच. सुंदराबाई उजवा कान पेटीकडे करून, झाकणावर हात ठेवून बसल्या. खंडूने चावी भरली. थोडी खरखर झाली आणि शाहिराचा आवाज खणखणीत उठला, पोरीच्या हाती पाटी द्या म्हणून सांगणारा. कडवे संपले आणि मागून बायांचा आवाज आला, "जी रं जी..."

कुणी हसले नाही.

सुंदराबाईंचा चेहरा हलला नाही. दुसऱ्या कडव्याला त्यांनी एक बोट वर केले. "ही मी. ही वरची."

चार आवाजांतला वरचा कोणता, ते कुणालाच कळत नव्हते. "व्हय आत्या," शकू म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

तिसऱ्या कडव्याला स्प्रिंगने दम सोडला. शाहिराचा आवाज खाली खाली जाऊ लागला, पुन्हा तीच म्हैस कण्हायला लागली. खंडू हँडलकडे झेपावला, पण ते खाचेत बसेना.

"थांबवू का गं?" तो ओरडला.

"आरं, चावी भर. शाहिराला ठसका लागला तरी झील सोडायची नसती," सुंदराबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच झील धरली. आवाज म्हातारा होता, किंचित थरथरत होता, पण सूर जागचा हलला नव्हता. डोळे मिटून, एका हाताने खंडूला खुणावत त्या एकट्याच गात राहिल्या.

हँडल बसले. खंडू जिवाच्या आकांताने फिरवू लागला. बुडालेले आवाज हळूहळू वर आले आणि सुंदराबाईंना येऊन मिळाले. आता झील पाच बायांनी धरली होती.