गाडी कोण चालवत होतं

राजूरच्या घरात त्या रविवारी जेवणं आटोपली आणि जावई पार्थ यांनी टेबलावर लॅपटॉप उघडला. फेब्रुवारीत चौघांनी न्यूझीलंडला जायचं ठरलं होतं. पार्थ, त्यांची बायको संस्कृती आणि तिचे आईवडील, म्हणजे मनकर्णा आणि रामहरी आवारी. विमानाची तिकिटं काढून झाली होती. राहिली होती ती तिथे फिरायची भाड्याची गाडी.

गाडीचा विषय आणि रामहरी गप्प बसलेत, असं राजुरात कधी घडलं नव्हतं. बत्तीस वर्षं ते भंडारदऱ्याला पर्यटक नेत होते. आधी दुसऱ्याच्या जीपवर, मग स्वतःच्या गाडीवर. धुक्यात, चिखलात, दरड कोसळलेल्या रस्त्यावर चालवूनसुद्धा त्यांच्या हातून कधी कुणाच्या गाडीला ओरखडा पडला नव्हता, आणि ही गोष्ट ते पाच मिनिटांच्या ओळखीतही सांगून टाकत.

"कंपनी कशी बघायची ते सांगतो," ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले. "गाडी बंद पडली तर फोन कोन उचलतंय ते आधी इचारा. टायर बघा. आन् कोंच्या रस्त्याला गाडी न्यायची न्हाई ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय, ते वाचा. बाकी सगळी रंगरंगोटी."

संस्कृतीने नेमकं हेच केलं होतं. ख्राइस्टचर्च विमानतळाबाहेर एक नवराबायको चालवत असलेली छोटी कंपनी तिने शोधली होती. ईमेलला त्या बाईने स्वतः उत्तर दिलं होतं, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली होती, आणि उंच गाडी घेतलीत तर चढायला पायरी ठेवते, असंही लिहिलं होतं.

पार्थ हसले. "पायरी! अगं, माझ्याकडे गोल्ड आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जगभर शाखा असलेल्या एका मोठ्या कंपनीचे ते सभासद होते. दर वेळी गाडी घेतली की पॉइंट मिळत. गोल्ड झालं की रांगेत उभं राहावं लागत नाही, त्याच भाड्यात मोठी गाडी मिळते, घरच्या माणसांची नावं जादा ड्रायव्हर म्हणून फुकट लागतात. आणखी दोन वेळा गाडी घेतली की प्लॅटिनम.

"मग त्या बाईंना काय कळवू? त्यांनी आपल्यासाठी गाडी राखून ठेवलीये," संस्कृतीने विचारलं.

"काही कळवू नकोस. आगाऊ कुठे काय भरलंय?"

"आवो, निदान येत न्हाई म्हनून तरी सांगा," रामहरी म्हणाले. "ती बाई गाडी अडकवून बसंल."

"पप्पा, तिकडे असं नसतं."

तिकडे कसं असतं ते रामहरींना माहीत नव्हतं. पण इथे गाडी ठरवून न सांगता गायब होणाऱ्या गिऱ्हाइकाला ते काय म्हणत, ते जावयासमोर बोलण्यासारखं नव्हतं. संस्कृतीने बाईंना कळवलं की नाही हे त्यांनी नंतर विचारलं नाही. तिने मोबाईल ज्या रीतीने पालथा ठेवला, त्यावरून कळवलं नाही हे त्यांना कळलं होतं.

फुकटचं नाव वाया जायला नको म्हणून पार्थनी त्यांना परदेशात चालवायचा परवाना काढायला लावला. रामहरी त्यासाठी दोनदा श्रीरामपूरला आरटीओत जाऊन आले. परवाना हातात पडला त्या दिवशी ते खूश होते. तिकडच्या घाटात आपल्याला गाडी चालवायला मिळणार, असं त्यांना वाटलं होतं.

ख्राइस्टचर्चला उतरल्यावर त्या कंपनीच्या खिडकीशी लांब रांग होती. सर्वांत पुढे एक कुटुंब उभं होतं, त्यांचा म्हातारा चाकांच्या खुर्चीत. त्यांना मोठी गाडी हवी होती आणि खिडकीतला माणूस थोडं थांबा, गाडी येईल, म्हणत होता. पार्थ रांगेकडे न बघता बाजूने बाहेर गेले. सभासदांसाठी वेगळ्या लावलेल्या गाड्यांमध्ये सात जणांची एक पांढरी गाडी होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"आपन चौघंच हाय," रामहरी म्हणाले. "ती ल्हान घ्या. ही त्या म्हाताऱ्याला होईल."

"पप्पा, फुकट मिळतेय."

गाडी बाहेर काढताना काचेपलीकडून त्या कुटुंबातला बाप त्यांच्याकडे बघत होता. सात जणांच्या गाडीत चार माणसं. रामहरींनी मान खाली घातली. त्यांच्या तोंडाला शिळं, आंबट पाणी सुटलं.

फुकट या शब्दाची चव त्यांच्या ओळखीची होती. ऐन उमेदीत ते घोटीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात गिऱ्हाइकं उतरवत, कारण तिथे ड्रायव्हरला मटण फुकट असे. रस्सा कधीकधी दोन दिवसांचा असायचा. एकदा एका गिऱ्हाइकाची पोर ते खाऊन रात्रभर ओकली, तेव्हापासून त्यांनी ते हॉटेल सोडलं. पण तोवर चार वर्षं ते खात होतेच. म्हणून जावयाला काही सुनवावं असं मनात आलं की ते स्वतःलाच आवरत.

त्यांनी आवरलं. मनकर्णाच्या पोटात दुखत असताना दीड तास लांबच्या हॉटेलात जावं लागलं, कारण त्या हॉटेलचे पॉइंट गाडीच्या कार्डावर जमा होत. तेव्हाही आवरलं. गाडी चालवायला मागितली तेव्हा "इकडचे नियम वेगळे आहेत पप्पा" असं उत्तर मिळालं, तेव्हाही आवरलं.

सहाव्या दिवशी एका तळ्याकडे जाणारा खडीचा रस्ता लागला. भाड्याची गाडी खडीवर न्यायची नाही, हे संस्कृतीने पहिल्याच दिवशी कागदावर वाचून दाखवलं होतं. पार्थना तिथला फोटो हवा होता. तळ्याशी पोचल्यावर त्यांनी गाडी घाईने मागे घेतली आणि डावी बाजू कुंपणाच्या खांबावर घासत गेली. पत्र्याचा तो आवाज रामहरींच्या दातांत शिरला. मागे बसलेल्या मनकर्णाचं कोपर दारावर आपटलं आणि ती कळवळली.

पार्थ खाली उतरले, दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "गेलं कार्ड."

एवढंच. मागे कोण बसलंय, कुणाला लागलंय का, याची विचारपूस झाली नाही. ती नंतर झाली, संस्कृतीने डोळ्यांनी खुणावल्यावर.

गाडी परत करायच्या दिवशी विमानतळाआधीच्या पेट्रोल पंपावर पार्थनी गाडी थांबवली आणि मागे वळून अगदी गोड आवाजात बोलायला सुरुवात केली. वर्षात दोन वेळा गाडीचं नुकसान झालं की सभासदत्व काढून घेतात. त्यांच्या हातून ऑक्टोबरमध्ये दुबईत एकदा झालं होतं. हे दुसरं. विमा सगळं भरणार होता, कुणालाच भुर्दंड नव्हता. फक्त कागदावर पप्पांचं नाव टाकायचं. जागा पार्किंगची सांगायची, खडीच्या रस्त्याचं बोलायचं नाही.

"म्हंजे मी ठोकली म्हनायचं?"

"ठोकली नाही हो. घासली."

रामहरींनी मुलीकडे पाहिलं. संस्कृती समोरच्या काचेतून पंपावरच्या पाट्या वाचत होती.

खिडकीशी एक तरुण मुलगी होती. पार्थनी इंग्रजीत सांगितलं, सासरे चालवत होते, पार्किंगमध्ये झालं. मुलीने फॉर्म रामहरींच्या पुढे सरकवला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. पेन हातात घेऊन ते तसेच उभे राहिले.

"अण्णा, करा ना सही," संस्कृती मराठीत हळूच म्हणाली. "काय होतंय त्यानं? तुम्हाला परत थोडंच यायचंय इथे?"

त्यांनी सही केली. नेहमीसारखी देवनागरीत, पूर्ण नावाची. ती मुलगी त्यांच्याकडे बघून हसली आणि काहीतरी बोलली. संस्कृतीने अर्थ सांगितला, "ती म्हणतेय वाईट वाटून घेऊ नका, असं कुणाच्याही हातून होतं."

त्या मुलीने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं रामहरींना वाटलं.

विमानतळात आत गेल्यावर मनकर्णा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. पार्थ आणि संस्कृती कॉफी आणायला गेले होते.

"तुमी कशापायी केली सही?" तिने विचारलं.

"पोरगी म्हनली म्हनून."

"आपल्या पोरीनं शिकवावं तुमाला खोटं बोलायला, आन् तुमी शिकावं?" ती दुसरीकडे तोंड करून म्हणाली. विमान सिंगापूरला उतरेपर्यंत ती ना नवऱ्याशी बोलली, ना मुलीशी.

घरी आल्यावर छगनने, त्यांच्या जुन्या ड्रायव्हरने, पहिलाच प्रश्न विचारला, "अण्णा, तिकडं गाडी हानली का न्हाई?"

"न्हाई," रामहरी म्हणाले. हे खरं होतं, आणि ते बोलतानाही त्यांना किळस आली. आपलं नाव एका कागदावर एक सांगतंय आणि तोंड दुसरं.

एप्रिलमध्ये पार्थनी घरच्या ग्रुपवर प्लॅटिनम कार्डाचा फोटो टाकला. सगळ्यांनी शाबासकीच्या अंगठ्याची चित्रं टाकली. रामहरींनी मोबाईल बंद केला. तेवढ्यावर कदाचित सगळं थांबलंही असतं. पण मे महिन्यात तालुक्याच्या गावी, अकोल्यात, नात्यातलं लग्न होतं. पंगतीत न्यूझीलंडच्या गप्पा निघाल्या आणि पार्थ मोठ्याने म्हणाले, "आमच्या पप्पांनी बत्तीस वर्षांचा रेकॉर्ड तिकडे जाऊन मोडला! उभ्या खांबाला गाडी घासली."

पंगत हसली. कुणीतरी म्हणालं, "बाईमानूस बघत हुते का काय?" पुन्हा हशा. रामहरींनी समोर वाढत असलेल्या संस्कृतीकडे पाहिलं. तीही हसत होती. कसनुसं का होईना, पण दात दिसत होते.

ताटातल्या जिलेबीचा पाक वरणात उतरला होता. त्यांनी ताट बाजूला सारलं. हात धुवून ते मांडवाबाहेर आले आणि गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ते संगमनेरला एलिया सरांकडे गेले. एलिया सर मिशनच्या शाळेतून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांची नाताळची पाहुणेमंडळी वर्षानुवर्षं रामहरींच्याच गाडीने भंडारदऱ्याला जात. रामहरींनी सगळं सांगितलं. चष्मा पुसत सरांनी विचारलं, "पत्रात जावयाचं नाव घालायचं का? विचार करा. मुलीचं घर आहे."

"गाडी कोन चालवत हुतं ते लिवा. नाव त्यातच येतंय."

सरांनी लिहिलं. गाडी मी चालवत नव्हतो. ती खडीच्या रस्त्यावर घासली. खोटी सही माझीच आहे, मला कुणी धरून करायला लावली नाही. हे शेवटचं वाक्य रामहरींनी दोनदा वाचून घेतलं. ईमेल गेला तेव्हा त्यांना बऱ्याच दिवसांनी भूक लागली, आणि सरांच्या घरी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

आठवड्याने सरांचा फोन आला. उत्तर आलं होतं. रामहरी पुन्हा संगमनेरला गेले.

"वाचतो," सर म्हणाले. "प्रिय श्री. आवारी, आम्हाला कळवल्याबद्दल आभार. नुकसानीची भरपाई विम्यातून झाल्यामुळे हे प्रकरण बंद करण्यात आलं आहे. पुढे कोणतीही कारवाई होणार नाही. तुमच्या प्रामाणिकपणाची कदर म्हणून..." सर थांबले.

"पुढं?"

"...म्हणून आम्ही तुमच्या नावाने सभासदत्व उघडलं आहे आणि त्यात पाचशे पॉइंट जमा केले आहेत."

सरांना हसू आवरेना. रामहरींचा चेहरा पाहिल्यावर ते आवरलं.

"म्हंजे मला बी तेच दिलं?"

"हो."

"काढून टाका म्हनावं. लगेच."

सरांनी बराच वेळ पडद्यावर शोधलं. सभासदत्व रद्द करायचं तर आधी सभासद म्हणून आत जावं लागत होतं, नियम मान्य आहेत अशी खूण करावी लागत होती. रामहरी उठून बाहेर अंगणात गेले आणि नळावर त्यांनी खळखळून चूळ भरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी संस्कृतीचा फोन आला. कंपनीने रामहरींच्या पत्राची प्रत पार्थना पाठवली होती.

"अण्णा, हे काय केलंत? पार्थ घरात बोलत नाहीये."

"त्यांचं कार्ड गेलं?"

"नाही. काहीच झालं नाही कुणाला."

"मंग?"

"मला आधी सांगायचं तरी. मला काही माहीतच नव्हतं."

"तुला माहीत न्हवतं?" रामहरी म्हणाले. "गाडी कोन चालवत हुतं, ते तुला माहीत न्हवतं?"

पलीकडे ती रडू लागली. लहानपणी रडायची तसं नाही, दबक्या आवाजात, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये असं. रडतारडताच तिने विचारलं, "दिवाळीला येणार ना तुम्ही आमच्याकडे पुण्याला? दोघंही?"

"तुझी आई येईल," ते म्हणाले.

मनकर्णा ओट्याशी भाकरी थापत होती. तिने हात न थांबवता मोठ्याने, फोनमध्ये ऐकू जाईल असं सांगितलं, "मला मधी घालू नका. पोरीला म्हनावं, तूच ये हिकडं. एकटी ये. गाडी पाठवते, छगनला सांगून."

रामहरींनी ते शब्द जसेच्या तसे सांगितले.

"येते," संस्कृती म्हणाली. "पण पार्थला काय सांगू?"

"खरं सांग," रामहरी म्हणाले, आणि फोन त्यांनी ठेवून दिला.