पैलवानाच्या हृदयातला बुडबुडा

मी पैलवान बोलतोय. हसू नका. मला डोकं नाही, हात नाहीत, पाय नाहीत, आहे ती नुसती रुंद छाती, म्हणून या हॉस्पिटलातल्या लोकांनी मला हे नाव ठेवलं. खोक्यावर माझं नाव 'फँटम' असं होतं. पारदर्शक प्लास्टिकचं धड, आत प्लास्टिकची फुप्फुसं आणि मध्ये पोकळ भिंतीचं एक हृदय.

झाकण उघडून त्या भिंतीत पाणी भरायचं, त्यात किंचित किरणोत्सारी औषध घालायचं आणि मला कॅमेऱ्याखाली झोपवायचं. खऱ्या पेशंटला तेच औषध शिरेतून देतात. औषध पोचतं तो भाग फोटोत उजळतो. नाही पोचलं तर काळा डाग दिसतो, म्हणजे तिथे रक्त मिळत नाही. माणसांवर चुकण्याआधी लोकांनी माझ्यावर चुकावं, यासाठी माझा जन्म. आणि मला ठेवलं कुठे? दाराला टेकू म्हणून!

ताईवर मात्र माझा जीव. ती इथली टेक्नॉलॉजिस्ट, फोटो तीच काढते. ती शिकत होती तेव्हा दुसऱ्या एका हॉस्पिटलात तिच्या बाबांच्या फोटोत असा डाग निघाला. बाबांनी जिना चढणं सोडलं, नातीला उचलून घेणंही सोडलं. पुष्कळ दिवसांनी कळलं की हृदय ठणठणीत होतं, डाग म्हणजे पोटाची सावली होती. पालथं झोपवून आणखी एक फोटो काढला असता तर तेव्हाच कळलं असतं. पण तेवढी तसदी घेतो कोण!

तेव्हाच तिने ठरवलं, हृदयाच्या फोटोंची खास परीक्षा द्यायची. काम संपलं की मला भरायची, आडवं-तिडवं करायची, टिचक्या मारून बुडबुडे काढायची. "पैलवान, श्वास सोड बघू," म्हणायची. पास झाली, प्रमाणपत्र आलं आणि विभागाच्या साहेबांनी ते मोठ्या ऐटीत बाहेरच्या भिंतीवर टांगलं.

पण ते जन्मभराचं नसतं. काही वर्षांनी मुदत संपते. मग नवं काय शिकलात ते दाखवायचं आणि परीक्षकासमोर फोटो काढायचा. हुकलं तर हृदयाचं काम हातातून गेलं, पुन्हा पहिल्यापासून सगळी परीक्षा.

ताईने अभ्यासवर्गासाठी रजा मागितली तर साहेब म्हणाले, "अहो ताई, एकदा पास झालात ना? परत परत काय ते?"

परत परत काय म्हणे! यांच्या गाडीचे ब्रेक एकदा तपासले की जन्मभर पुरतात का? बिचारी सुट्टीच्या दिवशी, घरचं सगळं उरकून शिकायला गेली.

इकडे माझे हाल सुरू होते. स्टोअरचं दार आपटतं म्हणून साहेबांनी मला तिथे लावलं. दार आपटायचं थांबलं नाही, फक्त आता ते माझ्यावर आपटायला लागलं. हादरे बसून बसून हृदयाच्या झाकणाचा रबरी वॉशर चिरला. ताईने नवा मागितला. "बघू पुढच्या महिन्यात." असे किती पुढचे महिने गेले देव जाणे. एवढंसं रबर हो!

परीक्षेचा दिवस आला. ताईला तयारीला सकाळ मोकळी हवी होती, तर साहेबांनी नेमके त्याच सकाळी एकामागून एक पेशंट लावले. तिने मला घाईघाईत भरलं, तरी टिचक्या मारायला विसरली नाही. परीक्षक बाई येऊन बसल्या. फोटो आला आणि माझ्या धडधाकट हृदयावर, समोरच्याच भिंतीवर, काळा डाग!

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब पुढे झाले. "मॅडम, हा फँटम जुना झालाय. मागच्या वर्षीचा चांगला फोटो आहे, तोच जोडून टाकू. काय ताई?"

मला तोंड असतं ना, तर तिथल्या तिथे खडसावलं असतं त्यांना! जुना झालोय म्हणे. जुना मी झालो की तुम्ही केलात?

ताई म्हणाली, "नाही साहेब. मला परत काढायचाय."

"वेळ थोडा उरलाय," परीक्षक बाई म्हणाल्या. "स्वच्छ फोटो नाही मिळाला तर मला सही करता येणार नाही."

"चालेल."

तिने मला पालथं घातलं. दुसरा फोटो आला. डाग समोरून उठून मागच्या भिंतीवर जाऊन बसला होता. "हा बुडबुडा आहे," ताई म्हणाली. "भिंतच खराब असती तर डाग जागचा हलला नसता." तिने झाकण उघडलं आणि "हवा इथून शिरते," म्हणत चिरलेला वॉशर बाईंच्या तळहातावर ठेवला. तोवर वेळ संपला.

बाईंनी सही केली नाही. नियम तो नियम. वॉशर साहेबांसमोर ठेवून म्हणाल्या, "मुदत संपायला अजून थोडे दिवस आहेत, मी पुढच्या आठवड्यात परत येते. तोपर्यंत हृदयाचे फोटो बंद."

आणि काय सांगू तुम्हाला, महिनोन्महिने न मिळालेला वॉशर संध्याकाळच्या आत हजर! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तळपाय आणि मस्तक दोन्ही नसताना मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या आठवड्यात ताई पास झाली. साहेबांनी हार घातला, भाषण ठोकलं. ताईने दाराला लाकडी ठोकळा लावला आणि मला पुसून कपाटात ठेवलं. आता मी तिथे असतो, सुखात आहे म्हणा.

पण राग गेलेला नाही. म्हणून सांगतो, उद्या कुणी तुमच्या हृदयावर असा डाग दाखवला, तर घाबरण्याआधी एवढं विचारा: "पालथं झोपवून पाहिलंत का?" मी तर प्लास्टिकचा, तरी माझ्यासाठी ताईने सही सोडून दिली. तिच्या बाबांना साधी कूस बदलायला कुणी सांगितलं नव्हतं.