फडक्यावरचा लाल डाग

"निघालं! निघालं!" सभागृहातल्या बायका ओरडल्या.

जयवंतबाबाने शकुच्या मानेवरच्या गाठीला पिवळं भस्म चोळलं, पांढऱ्या फडक्याने पुसलं आणि फडकं घंगाळातल्या तीर्थात बुडवलं. बघता बघता ते लालभडक झालं.

"हे गाठीचं नासकं रक्त!" बाबा गरजला. "डॉक्टरच्या औषधाने गाठ गेली होती, मग परत का आली? औषधाने तिला डिवचलं! विषाने विष मरतं का रे बाळांनो?"

घाटकोपरच्या डोंगरावरची वस्ती हात जोडून उभी होती. त्यांत शकुचा नवरा भीमराजही होता. रोज घरात बुद्धवंदना म्हणणारा, रिक्षा चालवणारा हा माणूस बाबा-बुवांच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. पण केमोने विरलेली गाठ पुन्हा वर आली, तसा त्याचा धीर सुटला. त्याने शकुला इस्पितळात नेणं बंद केलं. दर गुरुवारी फडक्यावरचा लाल रंग फिका होत गेला. "रोग उतरतोय," बाबा सांगे. शकु मात्र वाळत चालली होती.

तिची भाची तेजल कॅन्सरच्या पेशींवर संशोधन करायची. ती बंगळुरूला प्रशिक्षणाला गेली होती, आणि ती ओरडेल म्हणून तिला कुणी काही कळवलं नव्हतं. परत आल्यावर मावशीला बघून ती दारातच थबकली.

"काका, औषध कुणी थांबवलं?"

"औषध लागूच पडत नव्हतं गं. जयवंतबाबा बोलला, औषधानेच गाठ डिवचली, ते खोटं आहे का?"

"गाठ परत आली हे खरं. पण औषधाने डिवचली म्हणून नाही. औषधातून ज्या थोड्या पेशी वाचतात, त्यातल्या काही एक प्रथिन भरमसाट बनवायला लागतात. ते पेशीच्या आवरणात पंपासारखं बसतं आणि आत आलेलं औषध बाहेर फेकतं. अशा वेळी डॉक्टर औषध बदलतात. त्यांनी सांगितलं नव्हतं?"

"बोलले होते, दुसरं देऊन बघू," भीमराज पुटपुटला. "मला वाटलं, टाळतायत."

पिवळं भस्म, लाल होणारं फडकं, सगळं भीमराजकडून ऐकून गुरुवारी तेजल सभागृहात गेली. बाबाने हात पुढे करायच्या आत तिने ताटातलं भस्म उचलून खांबाला चोळलं, फडक्याने पुसलं आणि फडकं घंगाळात बुडवलं. फडकं लाल!

"बाबा, खांबालाही कॅन्सर झालाय का?"

कुणी तरी फिसकन हसलं. बाबा उसळला, "पोरी, भस्म होशील!"

"भस्म कसलं, ही हळद आहे. आणि तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू असंच बनवायचे. दर वेळी चुना कमी केला की रंग फिका पडतो. आजारी माणसाचं त्यात काहीच नसतं."

एका म्हातारीने स्वतःच्या तळहातावर करून पाहिलं. मग गर्दीचा सूर फिरला. बाबा मागच्या दाराने सटकत होता, पोरांनी धरून पोलिसांच्या हवाली केला.

दुसऱ्या दिवशी शकुला इस्पितळात नेलं. रोग यकृतात पोचला होता, अंगातलं रक्त कमी झालं होतं. "दुसरं औषध चाललंच असतं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तेव्हा देऊन बघता आलं असतं. आता तिचं शरीर ते सोसणार नाही."

शकुने भीमराजचा हात धरला. "अहो, तुम्ही माझ्यासाठीच केलंत ना. रडू नका."

दिवाळीच्या आधीच ती गेली.

जलदानविधीला, शकुला निरोप द्यायला, वस्ती जमली. विधी करणाऱ्या भन्तेंचं बोलणं संपल्यावर भीमराज उठला. बोलायची सवय नव्हती, आवाज फाटत होता.

"बाबाने मला फसवलं, पण मी पण फसायला बसलो होतो. एक औषध चाललं नाही, म्हणून सगळं शास्त्र खोटं, असं मी धरलं. तुमच्या घरात असं झालं तर बाबाकडे धावू नका. डॉक्टरच्या टेबलासमोर बसा आणि विचारा, आता दुसरं काय? त्याने वैतागून उत्तर दिलं तरी उठू नका. समजेपर्यंत विचारा. मी एवढंही विचारलं नाही."