वरचा जिना

"या, या, तुम्ही आधी," म्हणत तादायोशींनी आणखी एका कुटुंबाला वाट दिली आणि ते पुन्हा भिंतीला टेकून उभे राहिले.

सानाएने आत शिरताना काढलेल्या बुटांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मात्सुमोतोच्या किल्ल्याचा शेवटचा जिना समोर होता, शिडीसारखा उभा. एव्हाना वर जाऊन खाली येणंही झालं असतं.

पैज तिच्या वडिलांनीच, तादायोशींनीच, लावली होती. आई गेल्यावर ते एकटे राहत. हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावर पडले, तेही सानाएला शेजारणीकडून कळलं. आज सकाळी मुळ्याचं लोणचं चावत ते म्हणाले होते, "किल्ल्याच्या माथ्यापर्यंत चढलो, तर नागोयाला माझ्याकडे राहायला या, हे तू पुन्हा काढायचं नाही. नाही चढलो, तर तू म्हणशील तसं."

"बाबा, चला आता."

"थांब गं. त्यांच्याकडे लहान मूल आहे."

"मागे अख्खा जपान उभा आहे! कितीजणांना वाकून वाट देणार?"

"तुझी आई असं ओरडली नसती."

"आईने तुम्हाला मागून ढकलत वर नेलं असतं."

तेवढ्यात शाळेची सहल आली. तादायोशींनी सगळ्यांना पुढे सोडलं. प्रत्येक मूल वाकलं, तेही वाकले. सानाएने ओठ आवळून छताकडे पाहिलं.

"आजोबा, वरचा मजला आता बंद होईल," पहारेकरी म्हणाला.

"हो, हो. यांना जाऊ द्या."

गर्दी सरली. तादायोशींनी मागे वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

"मग तू हो पुढे," ते म्हणाले.

सानाएने रागाने पायरीवर पाय आपटला आणि फाडकन बोलायला वळली. वडिलांनी कठडा पकडला होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती. उचललेला पाय पायरीपर्यंत पोचत नव्हता.

ती खाली उतरली आणि तिथेच फळ्यांवर बसली.

"काय झालं?"

"चक्कर येतेय. मला नाही जमायचं वर."

तादायोशींनी कठड्यावरचा हात काढला.

"असं नेहमी होतं?"

"अधूनमधून."

"आणि घरी कुणी नसतं."

"नसतं."

"हे काही बरं नाही," ते कुरकुरले. "तुला असं एकटं कसं ठेवायचं? येतो मी नागोयाला. बघू."

ती उठली. उतरायच्या जिन्याशी आल्यावर त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार टाकला.

"घट्ट धर मला," ते म्हणाले. "पडशील."