धुरपताबाईचा संडास

मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपताबाईचा संडास तुंबला, आणि ऊन अंगणात यायच्या आत साऱ्या गावाला ते कळलं. कळणारच. धुरपताबाई चिडली की तिचा आवाज मूल गावाला जाणाऱ्या रस्त्यापर्यंत जातो, आणि त्या सकाळी ती चिडली होती तशी सोनीबाई गेल्यापासून चिडली नव्हती.

संडास तुंबला तर तुंबला, त्यात एवढं आकांडतांडव कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याने या गावात यावं आणि पहाटे टमरेल घेऊन तळ्याच्या पाळीवर एकट्याने जाऊन दाखवावं. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, संपतात तिथेच जंगल सुरू होतं, आणि जंगल कुठे संपतं हे वाघाला कुणी सांगितलेलं नाही. धुरपताबाईची धाकटी जाऊ सोनीबाई अशीच एका पहाटे गेली. टमरेल पाळीवर सापडलं. सोनीबाई दुपारी सापडली. धुरपताबाईला तिच्या नवऱ्याने, लटारूभाऊंनी, आडवं होऊन धरलं होतं, तरी तिने पाहायचं ते पाहिलंच.

गाव म्हणालं, कुणीतरी करणी केली. मयतीला जमलेल्या माणसांत धुरपताबाई कडाडली, "करनी नाई न बिरनी नाई! बाहेर जा लागते म्हनून वाघानं नेली तिले. घरी संडास असता तं सोनी आज चूल पेटवून राह्यली असती."

नुसती बोलली नाही. संडास मंजूर होईपर्यंत रोज ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जाऊन बसली. शोषखड्डे नवऱ्याच्या बरोबरीने तिने स्वतः खोदले. गवंड्याने भांडं बसवलं तेव्हा तिने दाराला हळदकुंकू लावून नारळ फोडला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसा म्हणाली, हसायला काय जातं. सोनीबाईचं टमरेल मात्र तिने फेकलं नाही. पडवीतल्या खिळ्याला टांगून ठेवलं, आणि त्या टमरेलाला घरातलंच काय, गावातलंही कुणी बोट लावत नसे.

यंदा तर घरात बाळंतीण होती. घुग्घुसला दिलेली लेक मयुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि पाळण्यात दीड महिन्याचा नातू होता. मयुरीला धुरपताबाईची एकच ताकीद होती, अंगणाच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. त्यासाठीच तर संडास होता.

मंडई म्हटली की आमच्या झाडीपट्टीत प्रत्येक घर पाहुण्यांनी फुगतं, आणि मंडईच्या रात्री नाटक असतंच. यंदा वडशाच्या कंपनीचं नाटक होतं. मध्येच पडदा पाडून वनरक्षकाने माईकवर सांगितलं, तळ्याकडे ठसे दिसले आहेत, कुणी तिकडे जाऊ नका. लोकांनी ऐकलं आणि पुन्हा नाटकात दंग झाले. नाटकातली नायिका दीपिका सकाळी विसाव्याला धुरपताबाईच्याच घरी आली होती.

लटारूभाऊ परसातून आले ते रिकामी बादली हातात घेऊन.

"पानी खाली जाऊनच नाई राह्यलं वं. वरतं येऊन राह्यलं."

धुरपताबाईने जाऊन पाहिलं. घाण भांड्याच्या काठापर्यंत आली होती. तिचं डोकंच फिरलं. जो संडास ती रोज स्वतःच्या हाताने घासायची, देव्हाऱ्यासारखा जपायची, त्याची ही दशा! तणतणत अंगणात आली, तर समोर खाटेवर दीपिका बसलेली. हातात छोटा आरसा, आणि पुड्यातून एकेक ओला वाइप काढून ती चेहऱ्यावरचा रंग पुसत होती.

"हे काय होय वं?"

"वेट वाइप होय, काकू. रंग काढाले."

"न काढून टाकतं कुठी? माह्या संडासात?"

"नाई काकू, माह्या पिशवीत असते सारं. हे पाहा न." दीपिकाने गाठ मारलेली पिशवी पुढे केली.

धुरपताबाई कशाला पाहते! रागाला डोळे असते तर अजून काय हवं होतं? "रातभर तोंडाले रंग फासाचा, न सकाळी लोकाइच्या घरी घान करून जाची! तुमचं काय जाते? तुम्ही गाडीत बसान न जान. आमाले इथीच राहा लागते, वाघाच्या तोंडी!"

"अवं, पाहुनी हाय ते," लटारूभाऊ पुटपुटले.

"पाहुनी असन तं डोक्शावर हागन का?"

आवाज ऐकून शेजारीपाजारी कुंपणाशी गोळा झाले होते. कुणीतरी फिदकन हसलं. दीपिकाचा अर्धा चेहरा गुलाबी आणि अर्धा सावळा होता. तिने आरसा मिटला, बॅग खांद्याला लावली आणि कुणाकडे न पाहता कंपनीची गाडी उभी होती त्या मांडवाकडे चालू लागली.

पाळण्यातलं बाळ रडायला लागलं, तेव्हा धुरपताबाईच्या लक्षात आलं की मयुरी कुठे दिसत नाही. तिने पडवीत पाहिलं. खिळा रिकामा होता.

सोनीबाईचं टमरेल जागेवर नव्हतं.

पायात काही न घालता ती पळाली. हाताला लागली ती तुतारी, बैल हाकायची काठी, तिने उचलली. मागून लटारूभाऊ थाळी बडवत धावले. अर्धं धान कापलेलं, अर्धं उभं, आणि उभ्या धानाच्या पलीकडे जंगलाच्या कडेला माकडं खेकसत होती. ती उगाच खेकसत नाहीत, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. "मयुरी! ए मयुरी!" धुरपताबाई ओरडत होती. हाच आवाज थोड्या वेळापूर्वी एका पाहुणीवर फुटला होता.

मयुरी बांधापाशी उभी होती. टमरेल छातीशी धरलेलं, नजर धानावर खिळलेली.

"आई, धानात काहीतरी हाललं."

"पाठ नोको दाखवू. ये. मांगं मांगं ये."

लटारूभाऊ थाळी बडवत राहिले आणि तिघंही उलट्या पावलांनी मागे आली. धानात वाघ होता की रानडुक्कर, ते कुणाला कळलं नाही. कळून घ्यायला कुणी थांबलंही नाही.

अंगणात पाय पडताच धुरपताबाईने लेकीला दंडाला धरून गदागदा हलवलं. "सांगतलं होतं न तुले! सोनीचं टमरेल घेऊन सोनीच्याच वाटेनं जातं? लेकराले उघडं पाडतं का?"

"मंग कुठी जाऊ मी?" मयुरीचाही आता बांध फुटला. "संडास भरून वाहून राह्यला. घरात पाहुने. कोनाले सांगू? न त्या बाईले काऊन बोलली तू? तिनं नाई टाकलं. मी टाकलं."

"काय टाकलं?"

"वाइप. बाबूचे. याच्या बाबानं पुडे आनून देल्ले घुग्घुसहून. पुड्यावर लिवलं हाय, फ्लश केलं तं चालते."

"लिवलं हाय म्हनून टाकतं? उकिरडा दिसला नाई?"

"तूच तं म्हनली!" मयुरी ओरडली. "लेकराचं काहीच उघड्यावर टाकाचं नाई. लंगोट बाहीर वाळू घालू नोको, नख उकिरड्यावर नोको, चुलीत नोको. कोनी उचलन, करनी करन. रोज सांगतं तू. संडासात टाकलं तं कोनाच्या हाती लागत नाई, म्हनून तिथी टाकलं. तुह्याच भेवानं टाकलं."

धुरपताबाईने मयुरीचा दंड सोडला आणि कोपऱ्यातली पहार उचलली.

ती तशीच परसात गेली आणि चेंबरवरची फरशी पहारीने उचकटली. लटारूभाऊ म्हणाले, थांब, माणूस बोलावू. "माह्या घरची घान, माहा हात," ती म्हणाली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पाइपाच्या तोंडाशी बोळा बसला होता. ओढला तसा येतच राहिला, एकात एक पिळलेला, बाईच्या वेणीएवढा लांब. एक वाइप तिने सोडवून दोन्ही हातांनी ताणला. फाटेना. दीड महिना पाण्यात राहून त्याचा एक धागा सुटला नव्हता. कागद असता तर कधीच विरला असता. आणि त्या साऱ्या गोळ्यात गुलाबी रंगाचा एक ठिपका नव्हता. नुसती बाळाची पिवळी शी.

"ज्यानं पुड्यावर लिवलं त्याले आना इथी!" ती गरजली. "त्याले म्हनावं, काढ हातानं. मंग जाय टमरेल घेऊन तळ्यावर, न ये वापस!"

पण लिहिणारा काही येणार नव्हता. राग फिरून फिरून घरीच आला. सोनीच्या मयतीत करणी नाही म्हणून साऱ्या गावाला ठणकावणारी बाई नातू होताच गावाहून जास्त भित्री झाली होती. जी करणी कुणी कधी पाहिली नाही तिच्या भीतीने, ज्या वाघाने केलेलं डोळ्यांनी पाहिलं त्याच्यापुढे तिने लेक नेऊन उभी केली होती. तिला स्वतःची अशी चीड आली की हातातला तो गोळा स्वतःच्याच तोंडावर मारावा.

ती तशाच हातांनी मांडवाकडे निघाली. माणसं नाकाला रुमाल लावून बाजूला झाली. कंपनीची गाडी सुरू झाली होती. धुरपताबाई बॉनेटपुढे उभी राहिली.

"सकाळी आयकाले आल्ते न सारे? मंग हेबी आयका!" ती लोकांकडे वळली. "या पोरीनं काही नाई केलं. माह्याच लेकीनं टाकलं, न माह्याच सांगन्यानं टाकलं. मी करनीले भ्याली. मायच चुकली. पोरी, माहं चुकलं."

दीपिकाने खिडकीतून पाहिलं. चेहरा आता धुतलेला होता, डोळे लाल होते. "चारचौघांत बोलल्या, चारचौघांत वापस घेतलं, काकू. आयकलं मी. पन माहा राग अजून गेला नाई."

"नोको जाऊ देऊ," धुरपताबाई म्हणाली. "माहाबी गेला नाई."

ती गाडीपुढून बाजूला झाली.

घरी येऊन तिने हात राखेने घासले, मग साबणाने, मग पुन्हा राखेने. बादली ओतली, पाणी गडगडत खाली गेलं. मग तिने मयुरीच्या हातून सोनीबाईचं टमरेल घेतलं. खिळ्याला मात्र लावलं नाही. संडासात भांड्याशेजारी ठेवलं आणि वर एक झाकणी घातली.

"बाबूचं सारं यात टाकजो. भरलं का मी खड्डा करून गाडीन. खाली एक चिंधी नाई जाली पाहिजे."

"न कोनी उचललं तं?" मयुरीने हळूच विचारलं.

"सोनीचं हाय ते. कोनाची हिंमत नाई हात लावाची." धुरपताबाईने संडासाचं दार लोटलं आणि कडी नीट बसते का ते ओढून पाहिलं. "न उचललं तं उचलू दे. आजपासून टमरेल घेऊन कोनी या दाराच्या बाहीर नाई जाचं."