एका बाकावर दोघं

“एवढा लांब बाक, पण बसायचं मात्र एकमेकांना खेटूनच,” केरस्तीन सूत गुंडाळायच्या रहाटाशी पुटपुटली. रहाट बाकाच्या मागे हातभरावर होता. बाकावरच्या दोघांना ते नीट ऐकू गेलं, आणि जायलाच हवं होतं.

बाउडेन तिचा नवरा. त्याच्या शेजारी आलेट, योसची विधवा. रुंद कापडाच्या मागाला दोन माणसं लागतात. एकानं सुताचा धोटा फेकायचा, दुसऱ्यानं झेलायचा, धागा ठोकून बसवायची फणी दोघांनी मिळून ओढायची. बाउडेन आणि योस मिसरूड फुटल्यापासून या बाकावर बसायचे. मग गाठीचा ताप आला. योस गेला. बाउडेनच्या उजव्या काखेतली गाठ फुटली आणि तो वाचला. गेंट शहरातल्या त्या गल्लीतले निम्मे माग मुके झाले. माणूसच मिळेना, तेव्हा विणकर संघाच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडत विधवेला नवऱ्याच्या जागी बसू दिलं. केरस्तीनला कुणी काही विचारलं नाही. ती आपली धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरत होती.

पाठीमागून तिला दिसायच्या त्या दोन पाठी. आलेट वाकायची ती थेट बाउडेनच्या मांडीवरून. खांद्याला खांदा घासायचा. बाउडेन कधी हलकेच काही बोलायचा, आलेट मान हलवायची. आणि घरी? घरी हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तिच्या कमरेवर हात टाकून किती दिवस झाले, हे केरस्तीन मोजत नव्हती. मोजले तर रडू येईल म्हणून.

शेजारची यान्ना दारातून डोकावून परवाच म्हणाली होती, “जोडी छान जमलीय हो तुमच्या मागावर.”

“हो ना,” केरस्तीन म्हणाली होती. “तिसरी मी, सूत पुरवायला.”

आज आलेटनं वाकून बाउडेनचं मनगट धरलं. अगदी क्षणभर. केरस्तीननं रहाट थांबवला.

“ऊठ गं. आज मी बसते.”

आलेटनं बाउडेनकडे पाहिलं. ते पाहणंच केरस्तीनला जास्त झोंबलं.

“तुला सवय नाही,” बाउडेन म्हणाला.

“बापाच्या मागावर वाढलेय मी. ऊठ, आलेट. कांड्या भरून बघ जरा, त्यातही मजा असते.”

“परवा संघाची माणसं कापड बघायला येणारेत, बाई. आज नको,” आलेट म्हणाली.

“म्हणजे मी बिघडवीन?”

आलेट उठली.

केरस्तीन बसली, बाकाच्या आपल्या टोकाला, व्यवस्थित अंतर ठेवून. पायाखालची पावडी दाबली, धोटा फेकला. फेक सरळ होती. बापानं पाहिली असती तर हुंकार दिला असता. धोटा बाउडेनच्या बोटांना लागला आणि खाली पडला.

“जोरात टाकलास,” तो म्हणाला.

तिनं उचलून दिला. त्यानं फेकला. धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांच्या मध्यावर येऊन थांबला, दमल्यासारखा. तिला वाकून, सरकत, त्याच्या मांडीपर्यंत जाऊन तो ओढून घ्यावा लागला. मग फणी ओढली, तर सगळा भार तिच्याच दंडावर आला. बाउडेनचा उजवा हात फणीवर होता, पण नुसता ठेवलेला.

केरस्तीन तशीच वाकलेली राहिली. तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला होता.

मागे आलेटनं रहाट सुरू केला. कांडीवर सूत नव्हतंच.

“केव्हापासून?” केरस्तीननं विचारलं. नवऱ्याला नाही, आलेटला.

“नाताळच्या आधीपासून.”

“आणि मला का नाही सांगितलं?”

“संघाला कळलं असतं तर माग गेला असता. स्वतःच्या हातानं विणेल त्याचाच माग.”

“मी संघ आहे का?”

आलेटनं रहाट थांबवला. सबंध हिवाळा, केरस्तीनच्या मनात आलं, या बाईनं त्याचा हात सांभाळला; तो हात माझा होता. दुसऱ्या बाईला दिलेलं चुंबन कदाचित परवडलं असतं. तिनं त्याची बोटं उचलून आपल्या मुठीत घेतली. ती थंडगार होती आणि आवळली जात नव्हती.

“तिला सांगितलंस,” ती म्हणाली.

“तिला सांगितलं नाही. तिला दिसलं.” बाउडेननं मागाकडे पाहिलं, मग दाराकडे. शेवटी मान वळवून त्यानं बायकोकडे पाहिलं.

“मला आता विणता येत नाही, केरस्तीन.”