आठ तास कोरडे

माझ्या नणंदेला मी टाकी म्हणायचे, तेही तोंडावर. दिवसाला दहा-बारा लिटर पाणी ढोसायची आणि सारखी बाथरूमकडे पळायची. तीस वर्षांची घोडी, पण पाहुण्यांपुढचा ग्लासही उचलायची. मी फिल्टरला कुलूप घातलं, तर बादलीतलं प्यायली. "लाज कधीच कोळून प्यायलीस, आता पाणी तरी सोड," मी म्हणायचे. ती कसनुसं हसायची. मला तिचा मनापासून राग यायचा.

शेवटी नवऱ्याने तिला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, एक तर ही डोक्यातली सवय आहे, नाहीतर किडनीचा दोष. मेंदू किडनीला निरोप धाडतो, पाणी धरून ठेव. किडनीच्या पेशींवर तो निरोप घेणारा रिसेप्टर असतो. तोच बिघडला असेल तर मेंदूने कितीही कंठशोष केला तरी पाणी वाहून जातं. खरं काय ते कळायला सकाळी आठ ते चार पाण्याचा थेंब द्यायचा नाही, आणि दर दोन तासांनी वजन, रक्त, लघवी तपासायची. सवय निघाली तर मानसोपचार वॉर्ड.

"सोबत कडक माणूस ठेवा," डॉक्टर म्हणाले. नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

दहाला वजन अर्धा किलो उतरलं. साडेदहाला तिचे ओठ फुटले. अकराला तिने माझे पाय धरले. "वहिनी, एक घोट." आवाज कसला, नुसती खरखर. बारा वर्षं हिला पाण्यावरून घालूनपाडून बोलले, आणि नेमकं तेव्हाच मला मेलीला पाझर फुटला. नळावरून ग्लास भरून आणला. मग दुसरा. मग मोजलेच नाहीत.

चारला डॉक्टरांनी कागद पाहिला. "तहानलेल्या बाईचं वजन वाढतं कसं? पाणी कोणी दिलं?"

मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "वहिनी बाहेर गेल्या होत्या. मीच नळाला तोंड लावलं."

"बघा," नवरा म्हणाला, "नाटकं हिची."

मी गप्प बसले. नवऱ्यापुढे नाक कापलं गेलं असतं. आणि खरं सांगते, घरात चार दिवस शांतता लाभेल असंही वाटलं.

"आठ तासही धीर धरवत नाही, म्हणजे सवयच," डॉक्टर म्हणाले आणि तिला वरच्या वॉर्डात धाडलं. तिथे दिवसाला दीड लिटर, मोजून. ती ओरडायची, तर हट्ट म्हणून बांधून ठेवायचे. तिसऱ्या दिवशी तिला झटके आले. रक्तात मीठ चढलं होतं, मेंदूतलं पाणी ओढलं गेलं होतं. मग मी डॉक्टरांना एकटं गाठून सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा तपासण्या केल्या. रिसेप्टर जन्मतःच बिघडलेला निघाला.

"हे त्याच दिवशी कळलं असतं," ते म्हणाले.

आता ती घरी पडून असते. कोणाला ओळखत नाही, पाणी मागत नाही. दर अर्ध्या तासाला पाजायचं असं सांगितलंय. मी तिची मान उचलते, चमचा ओठांशी धरते, गिळावं म्हणून गळ्यावरून बोट फिरवते. अर्धं उशीवर सांडतं. भेटायला येणाऱ्यांना नवरा सांगतो, "त्या दिवशी चोरून पाणी प्यायली नसती, तर आज धडधाकट असती."

मी मान खाली घालून पुढचा चमचा भरते.